पाहुणचाराचं बिल

माणूस एकदा घराबाहेर पडला, की दुसऱ्याच्या दारात तो दोनच नात्यांनी उभा राहू शकतो. एक पाहुणा म्हणून, नाहीतर गिऱ्हाईक म्हणून. तिसरं नातं चोराचं; पण चोराला दारात उभं राहण्याची सवय नसते, म्हणून तो या चर्चेत धरायला नको. पाहुण्याला मान असतो, पण हक्क नसतो. गिऱ्हाइकाला हक्क असतो, पण मानाची खात्री नसते. पाहुण्याने भाजीत मीठ कमी आहे असं म्हणायचं नसतं. गिऱ्हाइकाने ते म्हणायचं नाही तर पैसे कशाला मोजले? दोन्ही भूमिका आपापल्या जागी उत्तम आहेत. घोटाळा होतो तो पैसे मोजून पाहुणा होण्यात. आणि हा घोटाळा मालवणात जितका चवदार होतो, तितका दुसरीकडे कुठे होत नसावा.

आमच्यासारख्या देशावरच्या माणसांची एक जुनी अडचण आहे. कोकणात आमचं कोणी नाही. शाळेत असताना वर्गातली निम्मी मुलं मे महिन्यात 'गावाला' जायची आणि जूनमध्ये काळीभोर होऊन, आंब्याच्या डागांचे सदरे घालून परत यायची. आम्ही मात्र मे महिना पुण्यातच उसाच्या रसावर काढला. पुढे लग्न झालं. तेही नेमकं सोलापूरच्या मुलीशी. म्हणजे सासुरवाडीच्या वाटेनेही समुद्र लागण्याची आशा संपली. त्यामुळे 'येवा, कोकण आपलाच आसा' ही पाटी जेव्हा जेव्हा वाचली, तेव्हा मनात आलं, की हे आपलेपण सिद्ध करायला कोणता दाखला जोडावा लागत असेल?

तो दाखला लागत नाही, आगाऊ रक्कम लागते, हे उशिरा कळलं. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला १ मे १९८१ रोजी, आणि १९९७ साली तो 'पर्यटन जिल्हा' म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, १ मे १९९८ ला, कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली, आणि ज्यांचं कोकणात कोणी नव्हतं त्यांनाही कुडाळ नावाचं स्टेशन मिळालं. हळूहळू किनाऱ्यावरच्या घरांनी मागच्या अंगणात दोनदोन खोल्या काढल्या. सरकारी भाषेत याला 'निवास व न्याहारी' म्हणतात. सरकारी शब्दांनी सहसा भूक मरते. हे दोन मात्र अपवाद आहेत.

मुलं आपापल्या मार्गाला लागल्यावर, मार्गशीर्षातल्या एका थंडीत, आम्ही उभयता चार दिवसांसाठी मालवणला निघालो. पहिला नैतिक पेच पुण्यातच उभा राहिला. बॅग भरताना हिने तीत अर्धा किलो बाकरवडी टाकली.

"ही कशाला?"

"अहो, कुणाच्या घरी राहायला जातोय. रिकाम्या हातांनी जायचं?"

"अगं, पण आपण पैसे भरलेत. निम्मे तर आधीच पाठवलेत."

"पैसे खोलीचे भरलेत. घराचे कुठे भरलेत?"

या वाक्याला मी त्या वेळी उत्तर दिलं नाही. गाडी सुटायला तासच उरला होता, आणि तत्त्वज्ञानाला रिक्षा थांबत नाही. पण चार दिवस हे वाक्य माझ्या मागे होतं.

बाकरवडीचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आपल्याकडे अतिथीला देव मानावं अशी शिकवण तैत्तिरीय उपनिषदाइतकी जुनी आहे. पण 'अतिथी' कोण? ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी या शब्दाची फोड आपण शाळेत पाठ केली. आता जो माणूस दोन महिने आधी तारीख ठरवतो, दोघांसाठी वातानुकूलित खोली म्हणून कळवतो, वर 'समुद्र खिडकीतून दिसेल ना?' असं तीनदा विचारतो, त्याला अतिथी म्हणायचं कसं? तो फार तर 'सतिथी' झाला. सतिथीला देव मानावं असं कुठल्याही उपनिषदात नाही.

परदेशातही हा घोळ जुनाच आहे. लॅटिन भाषेत यजमान आणि पाहुणा या दोघांना मिळून 'होस्पेस' हा एकच शब्द होता. कोण कुणाच्या घरी आलंय, हे संदर्भाने ओळखायचं. त्याच मुळापासून पुढे हॉस्पिटल निघालं आणि हॉटेलही निघालं. ही दोन भावंडं आहेत हे कळल्यावर मला आश्चर्य वाटलं नाही. एकात चार दिवस जास्त जेवलं, की माणूस आपोआप दुसऱ्यात पोचतो. गंमत आहे ती पुढे. एका भावंडाने दुःखी माणसाला आसरा दिला, दुसऱ्याने सुखी माणसाला दिला, आणि शेवटी दोघांनीही हातात बिलच ठेवलं.

तर आम्ही पोचलो. नारळाच्या झाडांखाली कौलारू घर, पुढे तुळस, मागे आमची खोली आणि त्यापलीकडे समुद्र. दारात साठीच्या घरातली एक बाई उभी. त्यांना काय म्हणावं हा दुसरा पेच. 'मॅनेजर' म्हणावं तर हातात झाडू होता, 'मालकीणबाई' म्हणावं तर नाटकातलं वाटेल. हिने एका क्षणात 'काकी' म्हणून टाकलं आणि बाकरवडीचा पुडा पुढे केला. काकींनी पुडा घेतला, हिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या कित्याक आणलंत?" पण पुडा आत गेला तो दुकानात जातो तसा नाही, देवाजवळ ठेवला गेला. स्वयंपाकघराच्या दाराशी एका खिळ्याला 'कालनिर्णय' लटकत होतं आणि त्याच्या शेजारी मोबाईलने पैसे पाठवायचा तो काळापांढरा चौकोन चिकटवलेला होता. एका भिंतीवर तिथी आणि तिच्या शेजारी हिशेब. माझा सगळा प्रश्न त्या भिंतीवर मांडून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किल्ला पाहायला गेलो. मालवणला जाऊन सिंधुदुर्ग न पाहणं म्हणजे लग्नाला जाऊन नवरा-नवरी न पाहता पंगतीतून उठणं. (तसे लोक असतात, पण त्यांच्याविषयी नंतर.) १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसं ओतलं असं सांगतात. समुद्र साडेतीनशे वर्षं तटावर डोकं आपटतो आहे. तट जागचा हललेला नाही. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. आणि चहूकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावं दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. ही विहिरींची नावं आहेत की न्याहारीची यादी, असा प्रश्न पडावा. पण थोडा वेळ त्या काठावर उभं राहिलं की हसू मावळतं. वेढ्यात सापडलेल्या माणसाला पाणीच दूध आणि पाणीच साखर. ज्याने नाव ठेवलं त्याला तहानेची किंमत माहीत होती.

या किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणावरून आम्ही सारे फोटो काढत हिंडत होतो. वाळत घातलेल्या लुगड्याआडून एक म्हातारी आमच्याकडे पाहत होती. तिने आम्हाला बोलावलं नव्हतं, अडवलंही नव्हतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात हा एक. म्हणजे आता हा किल्ला जगाचा झाला. जगाचा झाला म्हणजे माझाही झाला. पण मग त्या म्हातारीचा जरा कमी झाला का? 'आपला' हा शब्द मोठा लबाड आहे. देणाऱ्याने उच्चारला तर तो दार उघडतो. घेणाऱ्याने उच्चारला तर तो कडी काढतो. 'कोकण आपलाच आसा' हे कोकणाने म्हणायचं असतं. आपण ते फक्त ऐकायचं असतं.

आता इथे मला जर्मनीतल्या एका गृहस्थांची आठवण काढायची आहे. इमॅन्युएल कांट हा तत्त्ववेत्ता जन्मभर आपल्या कोनिग्सबर्ग शहरातच राहिला; फार लांब असा कुठे गेलाच नाही. आणि त्यानेच १७९५ साली, शाश्वत शांततेवरच्या आपल्या निबंधात, परक्या गावी गेलेल्या माणसाचे हक्क काय, ते सांगून ठेवलं. प्रवासवर्णनं आणि प्रवास यांचा संबंध असतोच असं नाही, हे आपल्याकडेही पुष्कळांनी सिद्ध केलेलं आहे. कांट म्हणतो, पृथ्वी गोल आहे. माणसं पांगून पांगून किती पांगणार? शेवटी एकमेकांच्या दारात येणारच. तेव्हा परक्या माणसाला शत्रूसारखं वागवलं जाऊ नये, एवढा हक्क त्याला आहे. पण तो हक्क भेट देण्याचा आहे, पाहुणा होण्याचा नाही. पाहुणा होण्यासाठी यजमानाने आपण होऊन वेगळा, मायेचा करार करावा लागतो. ती मागून मिळणारी वस्तू नाही.

हे वाक्य मला काकींच्या पडवीत, वडे पुढ्यात असताना पूर्ण कळलं. मालवणी वडे आणि कोंबडीचं सागुती हे जेवण दोन हातांनी जेवावं असं आहे, पण संस्कार आड येतात. चार वडे झाले. पाचवा झाला. ताटात सहावा आला तेव्हा मी हात आडवा धरला.

"काकी, आता पोटात जागा नाही."

"जागा नाय म्हणजे काय? हो पोटाचो प्रश्न नाय, हो माझ्या वड्याचो प्रश्न आसा."

मी तो खाल्ला. वर सोलकढी प्यालो. आणि मग, हिशेबी स्वभाव कुठे जाणार, मी विचारलं, "काकी, वडे मोजता ना? नाहीतर बिलात घोटाळा व्हायचा."

काकी हसल्या. म्हणाल्या, "ताटाचे पैशे ठरलेले आसत. आग्रहाचे पैशे आमी घेणव नाय."

कांटला जे सांगायला एक निबंध लागला ते या बाईंनी सोलकढीच्या एका वाटीत सांगितलं. ताट हा गिऱ्हाइकाचा हक्क. सहावा वडा हा मायेचा करार.

पण माझा प्रश्न इथे सुटला नाही, अधिकच गुंतला. तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडायचं, आणि दोन्ही टोकांचे दोर धरून तीसचाळीस माणसांनी ते वाळूवरून खेचायचं. यंत्राच्या मोठ्या बोटींपुढे हा प्रकार आता कमी होत चाललाय. ही उत्साहाने जाऊन दोराला लागली. मीही, लोक पाहतायत म्हणून, लागलो. पाच मिनिटांत माझ्या हातांनी मला आठवण करून दिली की त्यांनी आयुष्यभर फाइली ओढल्या आहेत. जाळं आलं, मासळीचे वाटे पडले, आणि एका तांडेलाने हिच्या हातात दोन बांगडे ठेवले. पैसे विचारले तर तो म्हणाला, "दोराक हात लावलास मां?" एवढंच.

आता पाहा. हे दोन बांगडे आम्ही काकींकडे नेले. त्यांनी त्यांचं तिरफळ घालून तिखलं केलं. बांगडे आमचे, वाटण, तेल, गॅस आणि कसब त्यांचं. रात्री ताटाचे पूर्ण पैसे द्यावेत की मासळी वजा करावी? हिने निकाल दिला, "पूर्ण द्या." मी म्हटलं, "का?" ही म्हणाली, "ते बांगडे आपल्याला कुठे विकत मिळाले होते, वजा करायला?" सोलापूरला तर्कशास्त्र वेगळं शिकवत असावेत, पण मला उत्तर सुचलं नाही.

त्याच रात्री जवळच्या गावातल्या जत्रेत दशावतार होता. देवळापुढे मंडप, खाली चटया, ना तिकीट ना आसन क्रमांक. आधी गणपती येऊन गेला, मग संकासुराने लोकांना हसवलं, आणि मध्यरात्रीच्या पुढे खरं नाटक रंगलं. संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस तिथल्या तिथे शब्दाला शब्द रचतात. राणीचं काम करणारा पुरुष असा काही रडला, की शेजारच्या बाईने पदर डोळ्यांना लावला. आम्हाला बसायला तिनेच सरकून जागा दिली होती, आणि 'खयसून इलात?' एवढं विचारून कागदातला खाजा पुढे केला होता. त्या मंडपात आम्ही गिऱ्हाईक नव्हतो, कारण पैसे दिले नव्हते. पाहुणे नव्हतो, कारण कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही नुसते प्रेक्षक होतो. आणि चटईवर देवही आमच्यासारखाच प्रेक्षक होता. पहाटे परतताना ही म्हणाली, "इथे बरं वाटलं. काही देणं-घेणं नव्हतं." मी म्हटलं, "खाजा खाल्लास की." ही म्हणाली, "त्याचं मी फेडलंय. तिची नात माझ्या मांडीवर झोपली होती दोन तास."

मार्सेल मोस नावाच्या एका फ्रेंच पंडिताने १९२५ साली दानावर एक मोठा प्रबंध लिहिला. जगभरच्या जमातींच्या चालीरीती धुंडाळून त्याने असं काढलं, की द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. ही तीन बंधनं मिळून समाज बांधला जातो. कुठल्याही वाड्यातल्या बाईने त्याला हे दहा मिनिटांत सांगितलं असतं. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. त्यात निदान साखरेची चिमूट तरी घालायची. आणि ती लगेच, त्याच दिवशीही परत करायची नाही; कारण लगेच फेडलं तर तो व्यवहार होतो, उशिरा फेडलं तर ते नातं होतं.

इथपर्यंत वाचून तुमची अशी समजूत झाली असेल, की मी पैशाला वाईट आणि मायेला चांगलं म्हणणार. विनोदी लेखक शेवटी तसंच करतात. पण आमच्या शेजारच्या खोलीत एक कुटुंब उतरलं होतं, त्यांच्यामुळे तेवढं सोपं राहिलं नाही.

त्या कुटुंबाला घरात पाऊल टाकल्यापासून 'अगदी घरासारखं' वाटत होतं. घरासारखं वाटल्यामुळे त्यांनी रात्री साडेअकराला चहा मागितला. घरासारखंच वाटल्यामुळे त्यांची मुलं काकींच्या पलंगावर ओल्या चड्ड्यांनी उड्या मारत होती. सकाळी नऊची न्याहारी त्यांना साडेदहाला, घावण्यांऐवजी पोह्यांची हवी झाली. आणि निघताना गृहस्थ बिल हातात घेऊन अत्यंत प्रेमाने म्हणाले, "काकी, आता आपण घरचेच झालो. घरच्यांना काही कमी कराल की नाही?"

चार दिवस जे पंचतारांकित गिऱ्हाईक होते, ते पैसे देण्याच्या क्षणी पाहुणे झाले. हीच ती जागा, जिथे माझा प्रश्न गमतीचा उरत नाही. माया विकत घेता येत नाही, हे आपण फार भक्तिभावाने म्हणतो. पण त्या वाक्याच्या आडून माया फुकट उपटण्याचा धंदा किती चालतो! 'घरगुती' या शब्दाचा खरा अर्थ काय? घरगुती जेवण म्हणजे चांगलं आणि स्वस्त. आता चांगलं आणि स्वस्त एकाच वेळी कसं होतं? कुणाची तरी मेहनत हिशेबात धरलेली नसते म्हणून होतं. आणि ती कुणाची, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

त्या संध्याकाळी काकी पायरीवर तिसऱ्या निवडत बसल्या होत्या. ही त्यांच्याशेजारी बसून मदत करत होती; म्हणजे एक शिंपला उघडायला जितका वेळ घेत होती तितक्यात काकींचे दहा होत होते. हिने विचारलं, "काकी, असे लोक आले की राग नाही येत? परक्यांचं एवढं करायचं, वर हे."

काकी म्हणाल्या, "बाय माझे, परकी बरी. पूर्वी मे म्हयन्यात मुंबयसून वीस-वीस माणसां येयत. सगळी घरचीच. म्हयनोभर रांधून माझे हात मोडत. एकान पण कधी विचारल्यान नाय, तू जेवलंस काय म्हणान. आता येतत ती पैशे देतत. ते माझ्या हातात येतत. आणि तुमच्यासारखी चार माणसां बसून विचारतत पण."

हे त्या अगदी सहज, तक्रारीचा सूर न लावता बोलल्या. नंतर तिसऱ्यांचं भांडं उचलून आत गेल्या. ही बराच वेळ तिथेच बसून राहिली. सोलापूरच्या माहेरी हिच्या आईकडेही सुट्टीत वीस माणसं असायची. ती तिची भावंडं, भाचरं, आणि मोठेपणी आम्ही जावई. सगळी घरचीच.

तेव्हा पैशाला नावं ठेवण्याआधी थोडं थांबावं. पैसा मायेला मारतो हे खरं असेल. पण काही वेळा तो मायेची सुटकाही करतो. ज्या बाईला आपल्या कामाचे पैसे मिळतात, तिने वर घातलेला सहावा वडा हा खरोखर सहावा असतो. जिला पहिल्या पाच वड्यांचंच कुणी काही देत नाही, तिच्या आग्रहाला आग्रह म्हणायचं की सक्तमजुरी?

आणि कोकणच्या माणसाला हे नवीन नाही. या जिल्ह्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेले, दहा-दहाजण एका खोलीत राहिले आणि खानावळीत जेवले. खानावळ चालवणारी बाई महिन्याचे पैसे मोजून घ्यायची आणि तापात पडलेल्याला पेज करून द्यायची. पैसे जेवणाचे, पेज अशीच. पण त्या बाईच्या कामाला 'काम' म्हणायलासुद्धा काळ जावा लागला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठे खानावळवाल्या बायका एकत्र आल्या, सावकाराकडून सुटून बँकेच्या कर्जापर्यंत पोचल्या. आता उलटं चक्र फिरलंय. तेव्हा मालवणचा माणूस मुंबईत पैसे देऊन घर शोधायचा. आज मुंबई-पुण्याची माणसं मालवणात पैसे देऊन तेच शोधतात. माणसाला पोट भरल्यावरही काहीतरी कमी वाटतं, आणि ते नेमकं बिलाच्या बाहेर असतं, एवढंच दोन्ही वेळा सिद्ध झालं.

शेवटच्या दिवशी मी बिल पाहिलं. खोली, न्याहारी, दोन्ही वेळची ताटं. एक रुपया इकडे-तिकडे नाही. तिसऱ्या दुपारी उन्हाने हिचं डोकं चढलं होतं तेव्हा काकींनी मऊ पेज केली होती, कपाळाला खोबरेल चोळलं होतं, ते त्यात नव्हतं. मी मोबाईलने पैसे पाठवताना त्यांत थोडे जास्त घालावेत असं म्हणत होतो. माझं म्हणणं असं, की श्रम ते श्रम. त्यांना प्रेमाचं नाव देऊन फुकट घेऊ नये, हे आपण कालच या पायरीवर ऐकलं. हिचं म्हणणं असं, की जे त्यांनी आपण होऊन बिलाबाहेर ठेवलं, ते उचलून बिलात घालणं हा त्यांच्या निर्णयाचा अपमान आहे. बिल करणं हा जसा त्यांचा हक्क, तसं न करणं हाही त्यांचाच हक्क.

या वादात कोण बरोबर, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. दोन्ही बाजूंना अर्थ आहे आणि दोन्ही बाजूंचा गैरवापर करणारी माणसं मला ठाऊक आहेत. पण तोडगा हिने काढला, आणि तो मला कांटपेक्षा व्यवहार्य वाटतो. ठरलेले पैसे ठरल्याप्रमाणे, घासाघीस न करता द्यायचे. बिलाबाहेरचं बिलाबाहेरच फेडायचं, पैशाने नाही, आणि लगेच तर नाहीच. पैसे गिऱ्हाइकासारखे द्यावेत आणि वागावं पाहुण्यासारखं. शेजारच्या खोलीतली मंडळी नेमकी उलट वागत होती. गिऱ्हाइकासारखी वागत होती आणि पैसे पाहुण्यासारखे देत होती. जगातल्या पुष्कळ अन्यायांचं मूळ या एका उलटापालटीत सापडेल अशी मला शंका आहे. फक्त प्रवासातच नव्हे. घरात, कचेरीत, लग्नातसुद्धा.

लग्नाचं आलं म्हणून सांगतो. चार दिवसांच्या सहलीहून परतल्यापासून जेवताना मी हिला रोज एकदा विचारतो, "तू जेवलीस का?" पहिल्या दिवशी हिने संशयाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी हसली. हल्ली म्हणते, "विचारलंत, बरं झालं. आता ताटं उचला."

याला पाहुणचार म्हणायचं की बिल, हे अजून ठरायचं आहे. दरम्यान मालवणहून एक पार्सल आलं. आत आमसुलं, थोडं तिरफळ आणि पुण्याहून नेलेली बाकरवडीची बरणी, धुऊन पुसून. ती रिकामी नव्हती. तळाशी खाजा होता. ती बरणी आता आमच्या फडताळात आहे आणि परत कधी व कशी पाठवायची याचा विचार चालू आहे. घाई करायची नाही असं आमचं दोघांचं एकमत आहे. इतक्या वर्षांच्या संसारात हे एकमत तसं नवीनच.